पुराचे फॉरवर्ड, फीड आणि ‘३०४’

राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले की कोल्हापुरात व्हॉट्सॲपलाही पूर येतो. २०१९ च्या पुराचा फोटो ‘आत्ताचा’ म्हणून फिरतो. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका, हे तोंडपाठ असलेली माणसंही काल सकाळचा आकडा आज रात्री पुढं ढकलतात, कारण फॉरवर्डला ना तारीख असते ना मूळ पत्ता. हे दोन्ही सांभाळणारी सोय वेबवर १९९९ पासून आहे: आरएसएस फीड, म्हणजे साइटवरच्या नव्या नोंदींची यादी. पण तिचा विषय काढला की हमखास उत्तर येतं, ‘ते तर कधीच बंद पडलं.’ बंद पडलं ते गूगल रीडर, १ जुलै २०१३ ला. ते फीड वाचायचं एक साधन होतं, फीड नव्हे. पॉडकास्ट ऐकणारे तर आजही नकळत फीडच वापरतात. नोंदीतल्या ‘एनक्लोजर’ टॅगमध्ये ऑडिओचा पत्ता असतो, त्यावरून ॲप नवा भाग आणतं.

फीड म्हणजे सर्व्हरवर ठेवलेली एक साधी एक्सएमएल फाइल, म्हणजे टॅग लावून मांडलेला मजकूर. प्रत्येक नोंदीला शीर्षक, दुवा, प्रकाशनाची वेळ आणि ‘जीयूआयडी’ नावाचा ओळखक्रमांक. २००२ चं आरएसएस २.० आणि २००५ चं ॲटम हे तिचे दोन प्रमुख नमुने; रीडर दोन्ही वाचतात. साइटला तुमचा ईमेल किंवा मोबाइल नंबर द्यावा लागत नाही. रीडर ठरावीक वेळानं स्वतःच जाऊन विचारतो. खरी गंमत या विचारण्यातच आहे.

समजा, फाइल ६० केबीची आहे. रीडरनं दर अर्ध्या तासाला, म्हणजे दिवसातून ४८ वेळा ती आणली तर २,८८० केबी झाले, आणि नवी नोंद मात्र एकच. शंभर साइट धरल्या तर रोजचे २८८ एमबी. हा अपव्यय टाळायला सर्व्हर पहिल्याच वेळी फाइलसोबत दोन खुणा देतो: ‘ईटॅग’, म्हणजे त्या आवृत्तीची ओळख, आणि ‘लास्ट-मॉडिफाइड’, म्हणजे शेवटच्या बदलाची वेळ. रीडर त्या जपून ठेवतो आणि पुढच्या खेपेला ‘इफ-नन-मॅच’ व ‘इफ-मॉडिफाइड-सिन्स’ या ओळींत परत पाठवतो. खूण तीच असेल तर सर्व्हर फाइल देतच नाही, नुसता ३०४ हा आकडा पाठवतो. ‘काय नवीन?’ ‘काय न्हाई.’ एवढाच संवाद. हे उत्तर ३०० बाइटचं धरलं तर ४७ वेळा ‘काय न्हाई’ आणि एकदा पूर्ण फाइल मिळून साधारण ७४ केबी होतात. २.८८ एमबीचं काम ७४ केबीत!

आता हे बिघडतं कुठं? काही साइट ‘लास्टबिल्डडेट’ या, फीड शेवटचं कधी बदललं हे सांगणाऱ्या टॅगमध्ये दर वेळी चालू घड्याळाची वेळ छापतात. मजकूर तोच, पण फाइल बदललेली, म्हणून ईटॅग नवा आणि ३०४ कधीच नाही. ‘अपाची’ सॉफ्टवेअरवर चालणारे काही सर्व्हर फाइल दाबून, म्हणजे आकार लहान करून पाठवताना ईटॅगच्या शेवटी ‘-जीझिप’ जोडतात; तीच खूण परत आली की त्यांना स्वतःलाच ती ओळखू येत नाही. सगळ्यात वाईट म्हणजे सर्व्हरनं दिलेली वेळ जशीच्या तशी परत न पाठवता स्वतःच्या घड्याळाची वेळ पाठवणारा रीडर. त्याचं घड्याळ १० मिनिटं पुढं आहे आणि सर्व्हर ईटॅग देत नाही, असं समजा. रीडरनं १० वाजता फाइल आणली आणि नोंदवलं १०:१०. खरी बातमी आली १०:०५ ला. साडेदहाला रीडर विचारतो, ‘१०:१० नंतर काही बदललं?’ सर्व्हर म्हणतो ३०४. पुढची बातमी येईपर्यंत ही बातमी अडकून पडते, आणि चूक कुठंच दिसत नाही.

जीयूआयडीचं दुखणं सोपं आहे. साइटनं दुव्यालाच ओळखक्रमांक केलं असेल आणि पत्ता बदलला, तर सगळ्या जुन्या नोंदी ‘न वाचलेल्या’ म्हणून पुन्हा अंगावर येतात.

फीड शोधायला संगणकावर पान उघडून कंट्रोल-यू दाबा आणि पानाच्या कोडमध्ये इंग्रजी अक्षरांत ‘आरएसएस’ किंवा ‘ॲटम’ शोधा. साइट वर्डप्रेस या सॉफ्टवेअरवर बनवलेली असेल तर पत्त्यापुढं स्लॅश आणि इंग्रजीत ‘फीड’ लिहिलं की बहुधा काम होतं. यूट्यूबच्या चॅनेलांनाही फीड आहे. मिळालेला पत्ता थंडरबर्ड, फीडली किंवा इनोरीडर अशा एखाद्या रीडरमध्ये टाका. वर्डप्रेसचं फीड मुळात शेवटच्या १० नोंदीच दाखवतं. त्यामुळं दिवसाला ४० बातम्या टाकणारी साइट दिवसातून एकदाच तपासली तर ३० हातच्या जातात. म्हणून दैनिकांची फीड भरू नयेत. महिन्यातून दोनदा लिहिणारा अभ्यासक, क्वचित निघणारी सरकारी सूचना, यांच्यासाठी फीडला आजही तोड नाही. ‘आमच्या एआयला तुमची आवड कळते’ म्हणणारी ॲप नेमके असेच कमी बोलणारे स्रोत तळाला ढकलतात.

आपत्तीचे इशारेही फीडनं मिळतात. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या ‘सचेत’ या इशारा-सेवेची फीड आहे, आणि तिथले इशारे ज्या ‘कॅप’ नमुन्यात असतात त्यात क्षेत्र आणि मुदत संपण्याची वेळ यांसाठी वेगळे रकाने आहेत. तरी नदीकाठच्यांनी घर सोडायचं की नाही हे रीडरवर ठरवू नये. अर्ध्या तासानं विचारणारा रीडर अर्धा तास उशिरा सांगू शकतो. नवी नोंद येताच ती स्वतःहून रीडरकडं पाठवणारी ‘वेबसब’ पद्धत २०१८ पासून वेबची अधिकृत शिफारस आहे, पण ती दोन्ही बाजूंनी बसवलेली असावी लागते. आणि फीड मूळ पत्ता आणि वेळ सांगतं, खरेपणाची हमी देत नाही. राशिभविष्याचंही फीड निघतं, तारीखवार आणि बिनचूक एक्सएमएलमध्ये!

रीडर निवडताना तुमच्या फीडची यादी ‘ओपीएमएल’ नावाच्या नमुन्यातली फाइल म्हणून बाहेर काढता येते का, ते आधी बघा आणि महिन्यातून एकदा ती उतरवून ठेवा. उद्या सेवा बंद पडली तर तीच फाइल दुसऱ्या रीडरमध्ये टाकता येते. त्यात फक्त फीडचे पत्ते आणि गट येतात. राखून ठेवलेले लेख सहसा येत नाहीत, ते वेगळे उतरवावे लागतात.