पिंड कोण देणार? बडोद्यातल्या समलिंगी मराठी माणसांचा परलोक

दहाव्याला पिंड मांडला आणि कावळा शिवला नाही, की घाटावर कुजबुज सुरू होते : जीव कशात अडकला असेल? घरात बिनलग्नाचा मुलगा असला तर उत्तर शोधावं लागत नाही. काका-मामा त्यालाच पुढे करतात, 'हात जोड, सांग आईला, लग्न करीन म्हणून.' तरीही कावळा आला नाही तर गुरुजी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववतात आणि वेळ निभावते. चारचौघांसमोर दिलेला शब्द मात्र मुलाच्या गळ्यात राहतो. बडोद्याच्या मराठी घरांत समलिंगी मुलांवर लग्नाची सक्ती होते, तिचा बराच भाग असा परलोकाच्या वाटेनं येतो. त्यात नरकाच्या आगीची भीती फारशी नसते. पितरांना पाणी देणारा हात आपल्यापाशी संपेल, ही भीती असते.

ही भीती जुनी आहे. 'अपुत्रस्य गतिर्नास्ति', म्हणजे मुलगा नसलेल्याला गती नाही, हे वचन संस्कृत न येणाऱ्या आजीलाही पाठ असतं. 'पुत्' नावाच्या नरकातून तारतो तो पुत्र, असं मनुस्मृतीचा नववा अध्याय सांगतो. त्याच ग्रंथात अकराव्या अध्यायात पुरुषानं पुरुषाशी केलेल्या संगाला प्रायश्चित्त काय? अंगावरच्या कपड्यांसह स्नान. दिवसा किंवा पाण्यात स्त्रीसंग केला तरी तेच, श्लोकही तोच. याच अध्यायात अशा संगाला 'जातिभ्रंशकर', म्हणजे जातीतून पाडणाऱ्या, पापांतही घातलं आहे, तेव्हा ग्रंथ उदार होता असं म्हणायला नको. कुमारिकेशी संग करणाऱ्या स्त्रीला तर मुंडन किंवा बोटं छाटणं आणि गाढवावरून धिंड असा दंड आहे. पण पुरुषाच्या बाबतीत ग्रंथाचा खरा धाक निपुत्रिकपणाचा आहे. जन्मठेपेपर्यंतची शिक्षा १८६० च्या भारतीय दंड संहितेतल्या कलम ३७७ नं आणली. तिचं मूळ आठव्या हेन्रीच्या काळातल्या १५३३ च्या इंग्लिश कायद्यात आणि त्यामागच्या ख्रिस्ती पापकल्पनेत आहे.

लग्नाशिवाय मेलेल्याचं काय होतं, याचीही आपल्याकडे सोय होती, भीतीदायक का असेना. मुंज होऊन लग्नाआधी गेलेला मुलगा पिंपळावरचा मुंजा होतो, असं मानत. ब्रह्मचाऱ्याच्या प्रेताचं रुईच्या फांदीशी लग्न लावून मग अग्नी देण्याचा विधी अंत्येष्टीच्या जुन्या पोथ्यांत आहे. मेल्यावरही लग्नातून सुटका नाही!

याच परंपरेनं निपुत्रिकांसाठी मागचं दारही ठेवलं. संतती न ठेवता हजारो ब्रह्मचारी स्वर्गाला गेले, असं मनूच पाचव्या अध्यायात लिहून जातो. माघ शुद्ध अष्टमीला भीष्माला तर्पण करतात, त्या मंत्रात त्याला उघडपणे 'अपुत्र' म्हटलं आहे आणि त्याचे कोणी नसलेले लोकही त्याला पाणी सोडतात. संन्यासी तर स्वतःचं श्राद्ध जिवंतपणीच उरकतो.

सगळ्यांत चालणारा उपाय म्हणजे दत्तक, आणि तो बडोद्याला कोणी शिकवायला नको. १८७५ मध्ये खंडेराव महाराजांच्या विधवा राणी जमनाबाईंनी नाशिककडच्या कवळाण्याचा गोपाळ मांडीवर घेतला, तोच तिसरा सयाजीराव. गायकवाड घराण्यातल्या दिवंगतांच्या स्मृतीसाठी शहरातलं कीर्तिमंदिर बांधलं ते या दत्तक मुलानं. ज्या गावाचा सर्वांत मोठा राजा दत्तक होता, त्या गावात 'वंश रक्तानंच चालतो' हा हट्ट जरा विचित्रच वाटतो.

गायकवाडांचा आणखी एक धागा इथे येतो. मेहसाणा जिल्ह्यातलं बेचराजीचं बहुचरा मातेचं मंदिर १७८३ मध्ये मानाजीराव गायकवाडांनी बांधलं असं सांगतात. बहुचरा ही हिजड्यांची आराध्य देवता, आणि तिचं एक देऊळ बडोद्यात कारेलीबागेतही आहे. बाहेरचे लोक समलिंगी पुरुषांनाही याच देवीच्या पदरात टाकून मोकळे होतात. पण मुलगी म्हणून जन्मलेल्याला तळ्यात पुरुषाचं शरीर मिळाल्याची तिथली कथा बदललेल्या देहाची आहे. पुरुषावर प्रेम करणाऱ्या पुरुषाला तिच्यात आपली गोष्ट सापडेलच असं नाही.

त्याला जवळची वाटावी अशी गोष्ट पुनर्जन्माच्या विचारात आहे. गणितासाठी प्रसिद्ध असलेल्या शकुंतला देवींनी १९७७ मध्ये समलिंगी लोकांवर पुस्तक लिहिलं. त्यात श्रीरंगमच्या एका पुजाऱ्यांचं मत आहे : असे जोडीदार मागच्या जन्मी स्त्री-पुरुष असले पाहिजेत, देहाचं लिंग बदललं, आत्मा तोच राहिला. एरवी 'मागच्या जन्मीचं पाप' म्हणून जे हिणवलं जातं, तेच कर्म इथे जुनी ओढ ठरतं.

बडोद्यात या विषयाला उघड तोंड फुटलं ते राजपिपळ्याच्या राजघराण्यातले मानवेंद्रसिंह गोहिल यांच्यामुळे. पुरुषांमधल्या एचआयव्ही प्रतिबंधासाठी त्यांनी २००० मध्ये 'लक्ष्य' ट्रस्ट सुरू केला. २००६ मध्ये आपण समलिंगी असल्याचं त्यांनी वर्तमानपत्रातून सांगितलं, तेव्हा राजपिपळ्यात त्यांचे पुतळे जाळले गेले आणि घरच्यांनी नातं तोडल्याची जाहीर नोटीस दिली. २००८ मध्ये पणजोबांच्या स्मरणाच्या विधीच्या वेळी त्यांनी मूल दत्तक घेण्याचा मनोदय सांगितला. कारण दिलं परंपरा चालू राहण्याचं.

कायदा या बाबतीत तुकड्यातुकड्यांनी सरकला. १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्यानुसार अविवाहित पुरुषाला दत्तक घेता येतं. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं प्रौढांच्या संमतीचे संबंध कलम ३७७ मधून वगळले. १७ ऑक्टोबर २०२३ ला त्याच न्यायालयानं समलिंगी विवाहाला मान्यता नाकारली, आणि अविवाहित जोडप्यांनी मिळून दत्तक घेण्यावरची बंदीही बहुमतानं कायम ठेवली. म्हणजे मूल एकाचं होईल, दोघांचं नाही. उद्या चांदोदला नर्मदेकाठी तो मुलगा पिंड द्यायला बसला, तर दुसऱ्या बापाचं नाव कुठल्या नात्यानं घेणार?

आणि पिंडाच्या आधी प्रेत आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं राज्यांना पत्र पाठवलं, त्यात जोडीदाराला प्रेत ताब्यात घेता यावं असं म्हटलं आहे. अट एवढीच की जवळचे नातेवाईक उपलब्ध नसावेत. हयातभर तोंड न पाहिलेला भाऊ खासवाडीच्या स्मशानात वेळेवर हजर झाला, की अग्नी त्याचा. अंत्यविधीच्या अधिकाऱ्यांची विष्णुपुराणातली यादीही मुलगा, नातू, भाऊ, सपिंड (जवळचे भाऊबंद), मातृपक्ष अशी उतरत जाते. सोबत्यांचा नंबर त्यानंतर लागतो, आणि त्यांच्यामागे राजा.