लातूरच्या आडत बाजारात ब्राझीलचं काय काम?

दिवाळी झाली की मराठवाड्यातल्या घराघरांत एकच खल सुरू होतो: सोयाबीन आत्ता काढायचं की ठेवायचं? ठेवणाऱ्याचा हिशोब सरळ असतो. काढणीच्या वेळी आवक तुंबते, भाव पडतो. दोन-चार महिने कळ काढली तर आवक ओसरेल आणि भाव चढेल. माल फक्त लातूर, हिंगोली, नांदेड आणि मध्य प्रदेशातूनच येत असता, तर हा हिशोब चुकायचं कारण नव्हतं. पण जगात सर्वांत जास्त सोयाबीन ब्राझील पिकवतो. तो बहुतांश विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहे, त्यामुळे तिथली पेरणी सप्टेंबर ते डिसेंबर अशी चालते. आपण माल थप्पीला लावून फेब्रुवारी-मार्चची वाट पाहतो, आणि नेमकी तेव्हाच तिकडची काढणी रंगात आलेली असते. तो माल बाजारात जिरतो न जिरतो तोच एप्रिल-मेमध्ये अर्जेंटिनाचा माल येतो. अमेरिकेचं पीक मात्र आपल्या बरोबरीचं. तेही उत्तर गोलार्धातलं, सप्टेंबर-ऑक्टोबरात निघणारं.

एवढं माहीत असलं की बातमी वाचायची पद्धतच बदलते. ब्राझीलच्या माटो ग्रोसो राज्यात (हे एकटं राज्य महाराष्ट्राच्या जवळजवळ तिप्पट आहे) डिसेंबर-जानेवारीत पाऊस ताणला, तर घरातला माल थोडा थांबवण्यात अर्थ आहे. तिथे पाऊस वेळेवर झाला, तर मार्चपर्यंत थांबून हाती लागतात ती व्याज, घट आणि पोरकिडे. शिकागोच्या वायदे बाजाराचं (तिथे सोयाबीनचे पुढच्या महिन्यांचे सौदे होतात) दिवसाचं सत्र आपल्या घड्याळात उन्हाळ्यात संध्याकाळी ७ ला आणि हिवाळ्यात रात्री ८ ला सुरू होतं. म्हणून तिथली उलथापालथ लातुरात दुसऱ्या दिवशी सकाळच्या सौद्यात उमटते.

अर्थात भूगोल कळला म्हणून भाव कळला, असं होत नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने खाद्यतेलावरचं आयात शुल्क वाढवलं, तरी त्या हंगामात सोयाबीन क्विंटलला ४,८९२ रुपयांच्या हमीभावाखालीच विकलं गेलं. दाण्यातून तेल निघतं जेमतेम १८ टक्के, बाकी बहुतेक पेंडच. आणि पेंडीचा भाव जगभर पडलेला होता.

तर, शाळा सुटून वीस-तीस वर्षं झालेल्या माणसाला जगाचा भूगोल लागतो का? लागतो. मात्र जो लागतो तो शाळेत पाठ केलेल्यापेक्षा बराच थोडा आहे आणि वेगळा आहे. ब्राझीलची राजधानी माहीत नसली तर कोणाचंच काही अडत नाही. राजधान्या, ध्वज, चलनं हा सगळा स्पर्धा परीक्षेचा माल. फोनमध्ये क्षणात सापडतो. फोन देत नाही तो प्रश्न. एखादा देश विषुववृत्ताच्या कोणत्या बाजूला आहे, त्याला समुद्र आहे का, त्याचा माल कोणत्या वाटेने बाहेर पडतो, तो आपल्या मानाने किती मोठा आहे, हे विचारायचं सुचण्यापुरता जगाचा सांगाडा डोक्यात असावा लागतो.

खताची १०:२६:२६ ची गोणी घ्या. ५० किलोच्या गोणीत ५ किलो नत्र, १३ किलो स्फुरद, १३ किलो पालाश. नत्र अमोनियातून येतो आणि अमोनिया नैसर्गिक वायूपासून बनतो. आपण बाहेरून आणतो त्या द्रवरूप वायूचा सर्वांत मोठा पुरवठादार कतार, आणि त्याचं प्रत्येक जहाज होर्मुझच्या सामुद्रधुनीतून येतं. स्फुरदासाठी लागणारा रॉक फॉस्फेट मोरोक्को, जॉर्डन अशा ठिकाणांहून येतो. पालाश तर जवळपास सगळाच परका: कॅनडा, रशिया, बेलारूस, जॉर्डन, इस्राएल. यातल्या बेलारूसला समुद्रकिनाराच नाही. त्याचं पोटॅश शेजारच्या लिथुआनियातल्या क्लायपेडा बंदरातून जहाजावर चढायचं. फेब्रुवारी २०२२ च्या सुरुवातीला लिथुआनियाने ती रेल्वे वाहतूक बंद केली आणि त्याच महिन्याच्या २४ तारखेला रशियाने युक्रेनवर हल्ला केला. पालाशाच्या दोन मोठ्या पुरवठादारांची वाट एकाच महिन्यात अडली. त्या वर्षी एमओपीची (म्युरेट ऑफ पोटॅश, म्हणजे नुसत्या पालाशाच्या खताची) गोणी १,७०० रुपयांवर गेली, तेव्हा दुकानदाराशी वाद घालणाऱ्यांपैकी किती जणांना क्लायपेडाचं नाव ठाऊक असेल? नाव ठाऊक असायची गरजही नाही. ‘या देशाला बंदर कोणाचं?’ एवढा प्रश्न पुरतो.

वाटांचं गणित स्वयंपाकघरातल्या तेलात आणखी स्वच्छ दिसतं. पामतेल इंडोनेशिया आणि मलेशियातून येतं. मलाक्काची सामुद्रधुनी ओलांडली की पुढे मोकळा समुद्र. युक्रेनच्या ओडेसाहून निघालेल्या सूर्यफूल तेलाला मुंबईपर्यंत चार दारं, म्हणजे चार अरुंद जलमार्ग, लागतात: बॉस्फरस, डार्डानेल्स, सुएझ कालवा आणि बाब-अल-मांदेब. अर्जेंटिनाचं सोयातेल आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालून येतं. त्याला सुएझशी देणंघेणं नाही. नोव्हेंबर २०२३ पासून येमेनमधल्या हुथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले, तेव्हा झळ लागली ती सुएझच्या वाटेने येणाऱ्या मालाला. पामतेलाची वाट मोकळीच होती. युरोपकडची जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली आणि एका फेरीला दहा ते चौदा दिवस जास्त लागू लागले. पामतेल अडतं ते वेगळ्या कारणाने: २८ एप्रिल २०२२ ला इंडोनेशियाने निर्यातच थांबवली आणि २३ मे ला पुन्हा उघडली. म्हणजे ‘तेल महागणार’ या एकाच मथळ्याखाली तीन वेगळ्या गोष्टी असू शकतात. (करडईला यातलं एकही दार लागत नाही. पण काटे आणि काढणीला न मिळणारे मजूर यांनी ती आपल्याच शिवारातून हद्दपार होत चालली आहे.)

हे लोण आजचंही नाही. धाराशिव जिल्ह्यातलं तेर म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापारी माहितीपुस्तिकेत पैठण भडोचपासून (गुजरातेतलं भरूच) वीस दिवसांवर आणि तगर तिथून पूर्वेला दहा दिवसांवर असल्याची नोंद आहे. इथलं कापड गाड्यांतून भडोचला जायचं आणि मोसमी वाऱ्यावर अरबी समुद्र ओलांडायचं. ते वारे कोणत्या महिन्यात कुठून वाहतात हे ज्याला ठाऊक, त्याचाच धंदा चालायचा.

वाऱ्यांवरून एल निनोकडे येऊ. मराठवाडा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत; पाऊस दहा-पंधरा टक्के इकडेतिकडे झाला तरी खरीप हलतं. म्हणून एप्रिल-मेमध्ये ‘प्रशांत महासागर तापला’ ही बातमी इथे सगळेच वाचतात. पण नकाशा समोर घेऊन ती जागा दाखवायला सांगितली तर बोट भलतीकडेच जातं. यात वाचकाचा दोष कमी आणि भिंतीवरच्या नकाशाचा जास्त. आपले नेहमीचे नकाशे ग्रिनिच मध्यभागी धरून काढलेले असतात, त्यामुळे प्रशांत महासागर बरोबर मधून कापला जातो आणि त्याचे दोन तुकडे दोन कडांना जातात. एल निनोसाठी ज्या पट्ट्याचं तापमान मोजतात तो विषुववृत्ताच्या ५ अंश उत्तरेपासून ५ अंश दक्षिणेपर्यंत, १७० ते १२० अंश पश्चिम रेखांशांमध्ये आहे, म्हणजे नकाशाच्या पार डाव्या कडेला. आणि इंडोनेशियाजवळचं उबदार पाणी उजव्या कडेला. एरवी पूर्वेकडून येणारे व्यापारी वारे हे उबदार पाणी इंडोनेशियाकडे ढकलून ठेवतात. तिथली हवा वर चढते, ढग होतात. वारे मंदावले की ते पाणी पूर्वेकडे पसरतं, हवा वर चढण्याची जागा सरकते आणि आपल्या बाजूला हवा खाली बसू लागते. ही सरकण्याची क्रिया कापलेल्या नकाशावर दिसूच शकत नाही. पृथ्वीगोल फिरवून प्रशांत महासागर समोर आणला की एका नजरेत कळते.

सरासरीपेक्षा तापमान ०.५ अंशाने वर गेलं आणि काही महिने तसंच टिकलं की एल निनो म्हणतात. पण एल निनो म्हणजे दुष्काळ असं समीकरण मांडणारे दर काही वर्षांनी फसतात. २०१५ चा एल निनो जबर होता, त्याआधीचं २०१४ही कोरडं गेलेलं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं. २०२३ चा ऑगस्ट देशभरात १९०१ पासूनच्या नोंदींतला सर्वांत कोरडा ठरला. उलट १९९७ चा एल निनो विसाव्या शतकातल्या सर्वांत बलाढ्यांपैकी एक, आणि तरीही देशाचा पाऊस सरासरीइतका झाला. त्या वर्षी हिंदी महासागराचा पश्चिमेकडचा भाग, आफ्रिकेच्या बाजूचा, पूर्वेपेक्षा जास्त तापला होता आणि ती स्थिती आपल्या पावसाला साथ देते. म्हणून बातमीत दोन्ही महासागरांचा उल्लेख आहे का ते पाहावं. शिवाय मार्च-एप्रिलमधल्या एल निनोच्या अंदाजांवर फार विसंबू नये; त्या काळात प्रशांत महासागराची पुढची चाल ओळखणं सर्वांत अवघड असतं. मेअखेरचा सुधारित अंदाज जास्त भरवशाचा. आणि तोही देशाचा आणि मोठ्या विभागांचा असतो, तालुक्याचा नव्हे.

आकाराचा घोळ वेगळाच. मर्केटर पद्धतीच्या नकाशात (१५६९ साली जहाजांच्या सोयीसाठी काढलेला, आणि फोनवरचे नकाशेही बहुतेक त्याच घडणीचे) ध्रुवांकडे जावं तसा प्रदेश फुगतो. ६० अंश अक्षांशावर लांबी दुप्पट आणि क्षेत्रफळ चौपट दिसतं. लातूर १८.४ अंशांवर, म्हणून आपली फुगवट जेमतेम ११ टक्के. परिणाम असा, की ग्रीनलंड आफ्रिकेच्या तोडीचा वाटतो. प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या चौदापट आहे. आफ्रिका लहान वाटली की मोझांबिकही किरकोळ वाटतो. तो महाराष्ट्राच्या अडीचपटीहून मोठा आहे, आणि २०१६ मध्ये भारताने त्याच्याशी तुरीच्या खरेदीचा करार केला. तिथली तूर ऑगस्ट-सप्टेंबरात निघते, म्हणजे आपली तूर खळ्यावर यायच्या आधी मुंबईला पोचलेली असते. प्रमाण लक्षात ठेवायला घरचीच मापं बरी: सबंध मराठवाडा जवळपास श्रीलंकेएवढा, आणि कतार बीड जिल्ह्याहून थोडाच मोठा.

ज्या घरांना हा भूगोल सर्वांत आधी लागतो ती घरं मात्र बाजारातली नाहीत, ‘नीट’च्या शिकवण्यांभोवतीची आहेत. इथे प्रवेश हुकला की मूल परदेशी वैद्यकीय शिक्षणाला जातं. घरचे फी, वसतिगृह, मेस सगळं विचारतात. नकाशा कोणी उघडत नाही. २०२२ मध्ये युक्रेनच्या खार्किवमधल्या मुलांना त्याची किंमत कळली. रशियाची सीमा तिथून तीस-चाळीस किलोमीटरवर, आणि बाहेर पडायची पोलंडची सीमा हजारेक किलोमीटर पश्चिमेला. शहर ठरवण्याआधी अक्षांश, उंची, समुद्रापासूनचं अंतर आणि जवळची सुरक्षित सीमा एवढं तरी पाहावं. किर्गिझस्तानचं बिश्केक आणि जॉर्जियातलं बाटुमी जवळपास एकाच अक्षांशावर आहेत. बिश्केक समुद्रापासून फार दूर, सुमारे ८०० मीटर उंचीवर, म्हणून जानेवारीची सरासरी शून्याखाली. बाटुमी काळ्या समुद्राच्या काठी, म्हणून शून्याच्या बऱ्यापैकी वर. रशियातलं कझान ५५.८ अंश उत्तरेला. डिसेंबरात तिथला दिवस सात तासांचा असतो, आपला लहानात लहान अकरा तासांचा. नुसत्या थंडीपेक्षा हा अंधार नवख्या मुलांना जास्त जड जातो. फोन करायचा तर कझान आपल्यापेक्षा अडीच तास मागे आणि बिश्केक अर्धा तास पुढे.

हे सगळं अंगवळणी पाडायला पुस्तकापेक्षा पृथ्वीगोल आणि दोरा बरा. ३० सेंटिमीटर व्यासाचा गोल घ्यावा. त्याचा परीघ ९४ सेंटिमीटर म्हणजे ४०,००० किलोमीटर, तेव्हा १ सेंटिमीटरला सुमारे ४२५ किलोमीटर. न ताणणारा शिवणाचा दोरा घेऊन एक टोक मुंबईवर आणि दुसरं शिकागोवर धरा आणि ताणा. दोरा अरबस्तानावरून आणि अटलांटिकवरून जात नाही. तो रशिया, आर्क्टिक आणि ग्रीनलंडवरून जातो आणि साडेतीस सेंटिमीटर भरतो, म्हणजे जवळपास १३,००० किलोमीटर. मग ओडेसा ते मुंबई समुद्रमार्गे मोजा, एकदा सुएझमधून आणि एकदा आफ्रिकेला वळसा घालून. जहाज जमिनीवरून जात नाही, तेव्हा दोरा किनाऱ्याकिनाऱ्याने टाचण्या-चिकटपट्टीने वळवावा लागतो. तीन मिलिमीटर चुकलं तर सव्वाशे किलोमीटर चुकलं, हे लक्षात ठेवायचं.

स्वस्त गोलांत दोन अर्धगोल जोडल्याची शिवण विषुववृत्तावर असते आणि तिथे एक-दोन मिलिमीटरचा फरक पडतो. उठावाचे डोंगर असलेला गोल घेऊ नये: या मापावर एव्हरेस्ट फक्त ०.२ मिलिमीटर उंच असायला हवा, आणि दोरा त्या खोट्या डोंगरांवर अडकतो. दुकानात गोल किती जुना आहे ते पाहायचं तर सुदानवर नजर टाकावी. दक्षिण सुदान ९ जुलै २०११ ला वेगळा झाला. तो दिसत नसेल तर माल त्याआधीच्या छपाईचा. भारताच्या सीमाही त्याच वेळी तपासून घ्याव्यात, आयात केलेल्या गोलांवर त्या हमखास चुकीच्या असतात.