फ्रांचेस्को दुसरा
फ्रांचेस्को दुसरा : (१६ जानेवारी १८३६ – २७ डिसेंबर १८९४). दक्षिण इटलीतील दोन सिसिलींच्या (नेपल्स व सिसिली मिळून झालेल्या) राज्याचा शेवटचा राजा, बूर्बाँ घराण्यातला. कारकीर्द मे १८५९ ते फेब्रुवारी १८६१, जेमतेम पावणेदोन वर्षांची. मराठी वाचकाला इटलीच्या एकीकरणाचा सेनानी गॅरिबाल्डी परिचयाचा आहे. त्याने ज्याचे राज्य घेतले, तो हा राजा.

जन्म नेपल्सचा. आई मारिया क्रिस्तीना साव्हॉय घराण्यातली. बाळंतपणानंतर पंधरा दिवसांत ती वारली. पुढे ज्या घराण्याने त्याचे राज्य गिळले, ते त्याचे आजोळच. वडील दुसरा फर्डिनंड याने सारा कारभार आपल्या मुठीत ठेवला आणि वारसाला त्यातले फारसे काही शिकवले नाही. मुलगा भाविक आणि भिडस्त निघाला. फेब्रुवारी १८५९ मध्ये बारी येथे त्याचे लग्न बव्हेरियाच्या मारिया सोफियाशी झाले. ती ऑस्ट्रियाची सम्राज्ञी एलिझाबेथ हिची धाकटी बहीण. २२ मे रोजी फर्डिनंड वारला आणि तेविसाव्या वर्षी फ्रांचेस्को गादीवर आला.

थोड्याच दिवसांत राजधानीतल्या भाडोत्री स्विस पलटणींत बंड झाले. ते मोडले, पण त्या पलटणी बरखास्त कराव्या लागल्या आणि घराण्याचा भरवशाचा आधार गेला. राज्यघटना द्यावी, हा पंतप्रधान फिलांजेरीचा सल्ला त्याने मानला नाही. उत्तरेतल्या पीडमाँटने, म्हणजे साव्हॉय घराण्याच्या राज्याने, पुढे केलेला मैत्रीचा हातही झिडकारला. ११ मे १८६० रोजी गॅरिबाल्डी हजारभर स्वयंसेवकांनिशी सिसिलीत मार्साला येथे उतरला. महिना उलटण्याआधीच पालेर्मो पडले. राजाची फौज संख्येने कितीतरी मोठी होती, पण सेनापती कच खात गेले. २५ जूनला त्याने घटना दिली, तेव्हा वेळ टळून गेली होती.

नेपल्समधला शेवट विलक्षण आहे. लिबोरिओ रोमानो या मंत्र्याने शहराच्या बंदोबस्तासाठी कामोर्रा या गुन्हेगारी टोळीच्या माणसांनाच पोलिसांत घेतले होते. शहरात रक्तपात नको म्हणून ६ सप्टेंबरला राजा ‘मेसाजेरो’ जहाजातून उत्तरेकडच्या किनाऱ्यावरील गाएता किल्ल्याकडे निघाला. आरमारातली बहुतेक जहाजे त्याच्यामागे गेलीच नाहीत. दुसऱ्या दिवशी गॅरिबाल्डी चक्क आगगाडीने नेपल्समध्ये आला, आणि त्याचे स्वागत केले ते याच रोमानोने. इटलीतला पहिला लोहमार्ग १८३९ मध्ये याच राज्यात, फर्डिनंडच्या काळात सुरू झाला होता.

१ ऑक्टोबरला व्होल्तुर्नो नदीकाठी राजाच्या सैन्याने निकराची झुंज दिली, तरी राजधानी हाती आली नाही. उरला गाएताचा किल्ला. पीडमाँटचा सेनापती चाल्दिनी याने घातलेला वेढा सुमारे तीन महिने चालला. तोफांच्या माऱ्यात राणी तटावर आणि रुग्णालयात वावरत होती. तिची कीर्ती युरोपभर झाली ती तेव्हापासून. आत टायफस या तापाची साथ पसरली. समुद्राची वाट मोकळी राखणारे फ्रेंच आरमार जानेवारीत निघून गेल्यावर तीही बंद झाली. ५ फेब्रुवारीला दारूकोठार उडाले आणि १३ तारखेला किल्ला शरण गेला. गादीवर असताना कचखाऊ ठरलेला हा माणूस वेढ्यात मात्र ठाम उभा राहिला, हे त्याच्या विरोधकांनाही मान्य करावे लागते.

पुढची नऊ वर्षे तो रोममध्ये पोपच्या आश्रयाने राहिला, बराचसा काळ फार्नेझे प्रासादात. दक्षिणेत नव्या राजवटीविरुद्ध लढणाऱ्या टोळ्यांना तेथून मदत जाई. १८६९ च्या डिसेंबरात झालेली एकुलती एक मुलगी तीन महिन्यांतच गेली. १८७० मध्ये रोमही इटलीच्या ताब्यात गेले. त्यानंतर त्याचे वास्तव्य परदेशातच राहिले. तेव्हा ऑस्ट्रियाच्या अमलाखाली असलेल्या आर्को गावी त्याचे निधन झाले. १९८४ मध्ये त्याचे अवशेष नेपल्सच्या सान्ता क्यारा चर्चमध्ये आणले गेले, आणि २०२० मध्ये त्याला धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित करण्याची प्रक्रिया कॅथलिक चर्चने सुरू केली. त्याच्या आईला तो मान २०१४ मध्येच मिळाला होता.