आयएसओ नेमकी उघडतं कोण?

एका डिस्कवर पंधरा आयएसओ (अख्ख्या सीडी-डीव्हीडीची एकाच फाईलमधली नक्कल) ठेवायच्या आणि हवी ती निवडून तिच्यावरून संगणक सुरू, म्हणजे बूट, करायचा, असं कोणी विचारलं की दोन उत्तरं येतात. एक, साध्या एक्स्टर्नल केसिंगमधल्या डिस्कवर व्हेंटॉय हा फुकट प्रोग्रॅम टाका. दोन, आयओडीडी किंवा झालमनच्या व्हीई मालिकेतलं, स्वतःच सीडी ड्राइव्ह बनणारं केसिंग घ्या. इथवर ठीक आहे. पण त्यापाठोपाठ हमखास कोणीतरी सांगतं, "दोन्ही एकच हो, एक फुकट आणि एक विकत." हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता ते एकदाचं खोडून काढायचंच आहे. यादीतून आयएसओ निवडता येते, एवढंच काय ते दोन्हींत साम्य.

साधं केसिंग सगळ्यांना ठाऊक आहे. आत डिस्क किंवा एसएसडी, मध्ये ब्रिज चिप, बाहेर यूएसबी. डिस्कवरचे सेक्टर, म्हणजे माहितीचे ठराविक मापाचे कप्पे, जसेच्या तसे पलीकडे पोचवणं, इतकंच त्या चिपचं काम. त्यावर आयएसओ कॉपी केली तर बायोसच्या (संगणक सुरू करणारा त्याच्यातलाच प्रोग्रॅम) लेखी ती फोटो-गाण्यांसारखीच एक फाईल. तिच्या पोटात बूट होण्याजोगं काही आहे हे त्याला कळायला मार्गच नसतो. तेव्हा "आयएसओ कॉपी केली तरी बूट होत नाही" म्हणून केसिंग बदलून आणू नका, ते ठणठणीत आहे.

व्हेंटॉय २०२० साली आलं. ते डिस्कचे दोन भाग करतं: आयएसओ ठेवायला एक्सफॅट फाईल सिस्टीमचा (फायली मांडायची एक पद्धत) मोठा भाग आणि शेवटी ३२ एमबीचा छोटा भाग, ज्यात त्याचा स्वतःचा बूटलोडर, म्हणजे सिस्टीम सुरू करून देणारा प्रोग्रॅम, असतो. संगणक आधी व्हेंटॉय बूट करतो, मग व्हेंटॉय मॉनिटरवर यादी दाखवतं. म्हणजे आयएसओ उघडणारा प्रोग्रॅम तुमच्या संगणकाच्याच प्रोसेसरवर चालतो, आणि बूट सुरू झाल्यानंतर चालतो.

दुसऱ्या प्रकारच्या, म्हणजे आयओडीडी-झालमनच्या केसिंगमध्ये फाईल सिस्टीम वाचण्याची अक्कल चिपमध्येच आहे. केसिंगवरच्या इवल्याशा पडद्यावर आयएसओ निवडायची आणि चिप संगणकाला सांगते, "मी यूएसबी सीडी ड्राइव्ह आहे, आत सीडी घातलेली आहे." हे थापेसारखं वाटेल, पण संगणकाच्या बाजूने ते अक्षरशः तसंच असतं. यूएसबी स्टोरेज जोडलं की संगणक त्याला प्रकार विचारतो. डिस्क ० सांगते, सीडी-डीव्हीडी ड्राइव्ह ५ सांगतो. हे केसिंग ५ सांगतं. सेक्टरही सीडीसारखे २०४८ बाइटचे दाखवतं. पुढे एल टोरिटो या सीडीवरून बूट करायच्या १९९५ च्या पद्धतीप्रमाणे संगणक शून्यापासून मोजून १७ व्या सेक्टरवर जातो, तिथे बूट कॅटलॉगचा, म्हणजे काय बूट करायचं त्या यादीचा, पत्ता मिळतो आणि खऱ्या सीडीवरून व्हावं तसं बूट होतं.

पटत नसेल तर लिनक्सवर जोडून एलएसबीएलके ही डिस्कची यादी दाखवणारी कमांड चालवा. व्हेंटॉयवाली डिस्क एसडीबी म्हणून दिसते, प्रकार डिस्क. हे केसिंग एसआर० म्हणून दिसतं, प्रकार रॉम, आणि आकार निवडलेल्या आयएसओइतकाच.

आता खरी मेख. बूट होणं आणि इन्स्टॉल होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि मधे एक हस्तांतर आहे. सुरुवातीला बूटलोडर फायली वाचतो तो बायोसच्या किंवा यूईएफआयच्या (बायोसचा नवा अवतार) मदतीने. कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, एकदा उभा राहिला की ती मदत संपते. आता कर्नल स्वतःच्या ड्रायव्हरने सगळी उपकरणं नव्याने शोधतो आणि इन्स्टॉलर विचारतो: मी ज्या सीडीवरून आलो ती कुठे आहे? माझी बाकीची पॅकेजेस, माझी इन्स्टॉल डॉट विम (विंडोज ज्यात भरलेलं असतं ती फाईल) कुठे आहे?

सीडी बनणाऱ्या केसिंगमध्ये या प्रश्नाला उत्तर तयार असतं. सीडी ड्राइव्ह आधीही होता, आताही आहे. कर्नलला काहीही समजावून सांगावं लागत नाही.

व्हेंटॉयच्या बाबतीत मात्र कर्नलला दिसते ती एक्सफॅटची डिस्क आणि तिच्यावर पंधरा फायली. "सीडी" कुठेच नाही. ती उभी करायला व्हेंटॉयला कर्नलच्या सोबत आत शिरावं लागतं. लिनक्स असेल तर सुरुवातीच्या रॅम-डिस्कमध्ये (कर्नलसोबत मेमरीत येणारी छोटी सिस्टीम) ते आपला हूक, म्हणजे मध्येच अडकवलेली स्क्रिप्ट, घालतं आणि आयएसओ डिस्कवर जिथे आहे तेवढे ब्लॉक डिव्हाइस मॅपर या लिनक्समधल्या सोयीने जोडून एक आभासी डिस्क बनवतं. विंडोज असेल तर इन्स्टॉलरच्या पीईमध्ये (इन्स्टॉल करताना चालणारं छोटं विंडोज) स्वतःचा छोटा प्रोग्रॅम सोडून आयएसओ पुन्हा माउंट करतं. हे काम व्हेंटॉयच्या लेखकाने कमालीच्या चिकाटीने केलंय आणि मला त्याचा मनापासून आदर आहे. पण प्रत्येक जातीच्या सिस्टीमसाठी ते वेगळं करावं लागतं. एखाद्या आडवाटेच्या लाइव्ह इमेजने (इन्स्टॉल न करता चालणाऱ्या सिस्टीमच्या आयएसओने) आपली सुरुवातीची स्क्रिप्ट बदलली की हूक बसत नाही. मग मेनू दिसतो, कर्नल येतो, आणि "मीडिया सापडत नाही" म्हणून सगळं थांबतं. लोक इथे आयएसओ खराब आहे असं समजून ती तीन-तीनदा डाउनलोड करतात. आयएसओ बरोबर असते. तुटलेला असतो तो मधला सांधा.

सिक्युअर बूटच्या (सही असलेलाच बूटलोडर चालू देणारी सोय) अडचणीचंही मूळ इथेच. सीडी बनणाऱ्या केसिंगमध्ये मध्ये कोणी परका बूटलोडर नाही, त्यामुळे आयएसओमधल्या बूटलोडरची सही थेट तपासली जाते. व्हेंटॉयला प्रत्येक नव्या मशीनवर पहिल्यांदा आपली की, म्हणजे सही तपासायची किल्ली, नोंदवावी लागते. स्वतःच्या लॅपटॉपवर हरकत नाही. दुसऱ्याच्या मशीनच्या फर्मवेअरमध्ये की घालून येणं मला मुळीच पसंत नाही.

एका ठिकाणी मात्र केसिंगचा काही उपयोग नाही, आणि तिथे त्याला उगाच डोक्यावर घेतलं जातं. विंडोज ७ मध्ये यूएसबी ३ कंट्रोलरचा ड्रायव्हर मुळातच नाही. आयएसओ बूट होते, इन्स्टॉलरची खिडकी येते आणि पुढच्याच पावलावर तो ड्रायव्हर मागतो, कारण हस्तांतरानंतर अख्खा यूएसबी पोर्टच त्याला दिसेनासा झालेला असतो. खरा यूएसबी डीव्हीडी ड्राइव्ह लावला तरी हेच होईल. मशीनला यूएसबी २ चा पोर्ट असेल तर त्यात लावा.

केसिंगची स्वतःची खोड म्हणजे तुकडे. चिप लहान असते, फाईलचे विखुरलेले तुकडे गोळा करणं तिला जड जातं. जुन्या मॉडेलांना तर आयएसओ सलगच लागते, आणि तीही अंडरस्कोर-आयएसओ नावाच्या फोल्डरमध्ये. वर्षभर आयएसओ काढत-घालत राहिलेल्या माझ्या डिस्कवर एकदा नवी फाईल काही केल्या चढेना. सगळ्या फायली बाजूला काढल्या, डिस्क फॉरमॅट केली, एकेक करून परत टाकल्या, आणि तीच फाईल पहिल्या झटक्यात चढली. डिस्क विंडोजच्या एनटीएफएस फाईल सिस्टीमची असेल तर एवढा खटाटोप न करता सिसइंटर्नल्सच्या काँटिग या टूलने ती एकच फाईल सलग करता येते.

बाकीचे फरक किरकोळ आहेत. वेग आतल्या डिस्कवर ठरतो. सीडी वाचनापुरतीच असल्यामुळे लाइव्ह लिनक्समधले बदल तिच्यावर साठवता येत नाहीत. ते हवं असेल तर व्हेंटॉय घ्या. डिस्कच्या कच्च्या इमेज, म्हणजे डॉट आयएमजी, या सीडी नव्हेतच, त्या सीडी म्हणून चालवायचा हट्ट धरू नका.

आणि कृपा करून, यांपैकी कुठल्याही डिस्कवर डीडी या थेट डिस्कवर लिहिणाऱ्या कमांडने किंवा तसल्या टूलने आयएसओ "बर्न" करू नका. लिनक्सच्या बहुतेक आयएसओ हायब्रिड असतात, त्यांच्या सुरुवातीच्या ३२ केबीच्या मोकळ्या जागेत डिस्कसाठीचा बूट सेक्टर भरलेला असतो, म्हणून ती युक्ती पेनड्राइव्हवर चालते. पण ती अख्ख्या डिस्कच्या सुरुवातीपासून लिहिते. पार्टिशन टेबल (डिस्कच्या भागांचा नकाशा) जातं आणि त्यासोबत बाकीच्या चौदा आयएसओही. विंडोजची आयएसओ हायब्रिड नसल्याने तिथे डिस्कही जाते आणि बूटही होत नाही.

घरच्या मशीनवर लिनक्सची नवनवी रूपं, म्हणजे डिस्ट्रो, चाखायला मी व्हेंटॉयच वापरतो. दुसऱ्याचं बंद पडलेलं मशीन उघडायचं असेल तर केसिंगच, तेही राइट प्रोटेक्ट (लिहायला बंदी) लावून. आणि मोड ओडीडीचाच, म्हणजे नुसता सीडी ड्राइव्ह दिसेल असा. ड्युअल मोडमध्ये सीडीसोबत केसिंगमधली डिस्कही दिसते, विंडोजच्या इन्स्टॉलरमध्ये "कुठे टाकू?" या यादीत ती मशीनच्या डिस्कच्या शेजारी येऊन बसते, तेही मॉडेलच्या नावाशिवाय, नुसत्या ड्राइव्ह ०, ड्राइव्ह १ अशा क्रमांकाने.