अहवालातील ‘अल्ब्युमिन’ कमी असेल तर : ग्राहकांसाठी माहिती

खानापूर, नंदगड, जांबोटी आणि बेळगावच्या आसपासच्या गावांतून आमच्याकडे रक्ततपासणीसाठी येणाऱ्या ग्राहकांना अहवाल इंग्रजीत मिळतो आणि त्यात ‘अल्ब्युमिन’पुढे कमी आकडा दिसला की प्रोटीन पावडर कोणती घ्यावी, असे काउंटरवर विचारले जाते. ती विकत घेण्यापूर्वी हे पत्रक वाचावे, अशी कळकळीची विनंती आहे.

रक्तद्रवात प्रति डेसिलिटर साधारण ६ ते ८ ग्रॅम प्रथिने असतात आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिक अल्ब्युमिन असते. ५८५ अमिनो आम्लांच्या एकाच साखळीचा हा रेणू यकृतात तयार होतो. केशवाहिन्यांच्या भिंतीतून तो सहजासहजी बाहेर पडत नसल्यामुळे रक्तातील पाणी रक्तातच धरून ठेवले जाते. म्हणूनच त्याचे प्रमाण फार घटले की पाय सुजतात. बिलिरुबिन (पित्तातील पिवळे रंगद्रव्य), मेदाम्ले आणि अनेक औषधेही तोच वाहून नेतो. रक्तातील सुमारे ४० टक्के कॅल्शियम प्रथिनांना, मुख्यतः अल्ब्युमिनला, बांधलेले असते. त्यामुळे अल्ब्युमिन घटले की एकूण कॅल्शियमचा आकडाही खाली येतो, मात्र शरीराला प्रत्यक्ष उपयोगी पडणारे मुक्त कॅल्शियम त्या वेळी पुरेसे असू शकते.

उरलेल्या प्रथिनांत मुख्यतः ग्लोब्युलिन येतात. रोगप्रतिकारक प्रतिपिंडे आणि लोह वाहून नेणारे ट्रान्सफेरिन त्यांतलेच. रक्त गोठवणारे फायब्रिनोजेन सीरममध्ये, म्हणजे रक्त गोठल्यावर वेगळ्या होणाऱ्या द्रवात, उरत नाही, त्यामुळे ते या आकड्यांत धरलेले नसते.

अल्ब्युमिनचा अर्धायुकाल (असलेले प्रमाण निम्मे होण्यास लागणारा काळ) सुमारे तीन आठवड्यांचा असल्याने चार दिवस जेवण कमी गेले म्हणून आकडा घसरत नाही. यकृताचा जुना आजार, मूत्रपिंडातून लघवीवाटे होणारी गळती किंवा अंगातील जंतुसंसर्ग व दाह ही कारणे आमच्या मते आधी तपासायला हवीत. दाह असताना यकृत सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीनसारखी प्रथिने वाढवते आणि अल्ब्युमिनची निर्मिती कमी करते. अशा वेळी केवळ पावडर घेतल्याने मूळ आजार तसाच राहतो. मूत्रपिंडाच्या काही रुग्णांना तर जादा प्रथिने अपायकारक ठरतात. म्हणून अहवाल डॉक्टरांना दाखवावा आणि लघवीतील प्रथिनांची तपासणी आवश्यक आहे का, हे त्यांना विचारावे.

उभे राहिल्याने रक्तातील काही पाणी ऊतींत उतरते आणि प्रथिनांचा आकडा वाढतो. यासाठी बसमधून उतरून आल्यावर नमुना देण्यापूर्वी पंधरा मिनिटे शांत बसावे, तसेच जुलाब किंवा उलट्या झाल्या असल्यास नमुना घेणाऱ्यास ते आधी सांगावे.