मुलींची स्प्रिंट स्केटिंग: बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या पालकांसाठी नोंदणी आणि कागदपत्रांची माहिती

बेळगावात संध्याकाळी स्केट बांधून रिंकवर उतरणाऱ्या मुली भरपूर आहेत. टिळकवाडी, शहापूर, अनगोळकडून आई-वडील स्कूटरवर आणून सोडतात, क्लबची फी वेळेवर भरतात. फी भरली म्हणजे मुलगी स्पर्धेला पात्र झाली, हा समज मात्र पहिल्या निवड चाचणीच्या टेबलापाशीच मोडतो. तिथे वेग नंतर बघतात, आधी कागद.

आधी शर्यत कोणती ते ठरवा

टीव्हीवर दिसते ती हिवाळी ऑलिम्पिकची महिलांची ५०० मीटर शर्यत बर्फावरची असते. ४०० मीटरच्या ओव्हलवर दोघीजणी एका वेळी सुटतात, एक आतल्या लेनमध्ये आणि एक बाहेरच्या. पलीकडच्या सरळ पट्ट्यावर दोघी लेन बदलतात आणि शेवटी घड्याळ निकाल देतं. २०२२ साली बीजिंगमध्ये अमेरिकेच्या एरिन जॅक्सनने ३७.०४ सेकंदांत सुवर्ण जिंकलं. जपानच्या मिहो ताकागीपेक्षा ती जेमतेम ०.०८ सेकंदांनी पुढे होती. आपल्या दृष्टीने महत्त्वाचं म्हणजे जॅक्सन मूळची इनलाइनची, म्हणजे एका ओळीतल्या चाकांवरची खेळाडू. बर्फावर ती बरीच उशिरा आली.

बेळगावच्या मुलीचाही रस्ता चाकांवरूनच जातो. रोलर स्केटिंगच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत स्प्रिंट म्हणजे ट्रॅकवर २०० मीटर ड्युअल टाइम ट्रायल (दोघी एका वेळी, निकाल घड्याळावर), ५०० मीटर आणि १००० मीटर, तर रोडवर १०० मीटर आणि एक लॅप. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत (ती २०२२ची, पण भरली २०२३मध्ये) महिलांसाठी १००० मीटर स्प्रिंट होती, आणि ३००० मीटर रिलेत भारताच्या मुलींनी कांस्य आणलं. म्हणजे हा रस्ता नुसता कागदावरचा नाही.

इथे पालकांची एक फसगत होते, ती आधीच सांगतो. आपल्याकडे राष्ट्रीय पातळीपर्यंत क्वाड (पुढे दोन, मागे दोन चाकं) आणि इनलाइन अशा दोन्ही प्रकारच्या शर्यती होतात. जागतिक पातळीवर स्पीडच्या शर्यती फक्त इनलाइनच्या असतात. क्वाडवर पदकांची माळ लावलेल्या मुलीला बाराव्या-तेराव्या वर्षी इनलाइनवर नव्याने सुरुवात करावी लागते आणि तोवर बाकीच्या पुढे गेलेल्या असतात. लिंबो स्केटिंगच्या विक्रमांचंही तेच. गाड्यांखालून सरपटत गेलेल्या पोराचा फोटो पेपरात छान येतो, पण स्पीडच्या निवडीत त्या प्रमाणपत्राला शून्य किंमत.

नोंदणी कुठे आणि कशी

देशपातळीवर हा खेळ रोलर स्केटिंग फेडरेशन ऑफ इंडिया, म्हणजे आरएसएफआय, चालवते. तिच्याखाली कर्नाटकची राज्य संघटना आणि तिच्याखाली जिल्हा संघटना. मुलीची नोंदणी आरएसएफआयच्या संकेतस्थळावर ऑनलाइन होते. फॉर्म भरायचा, फोटो आणि कागद स्कॅन करून चढवायचे, शुल्क भरायचं. मग संघटनेकडून पडताळणी झाली की नोंदणी क्रमांक मिळतो. हा क्रमांक नसेल तर पुढची कुठलीच प्रवेशिका जात नाही. बहुतेक क्लबांचे प्रशिक्षक हे काम स्वतः करून देतात. तरी लॉगिन आणि पासवर्ड पालकांनी आपल्याकडे ठेवावा, कारण उद्या क्लब बदलला तर मागायला त्याच दारात जावं लागतं आणि ते अवघड होऊन बसतं.

नोंदणी एकाच राज्यातून होते. सीमाभागात खरा घोळ इथेच आहे. घर महाराष्ट्रातल्या शिनोळीत आणि शाळा बेळगावात, किंवा घर कर्नाटकातल्या निपाणीत आणि सराव कोल्हापुरात, अशी कितीतरी मुलं आहेत. कुणी हौसेने दोन्हीकडे नाव घालून ठेवतं, आणि ते उघडकीला आलं की दोन्हीकडून अडचण होते. मनात महाराष्ट्र असला तरी फॉर्मवर राज्य तेच लिहायचं, ज्याचा वास्तव्याचा पुरावा हातात आहे. एकदा कर्नाटकातून नोंदणी झाली आणि पुढे महाराष्ट्रातून खेळायचं ठरलं, तर आधीच्या राज्य संघटनेचं ना-हरकत पत्र लागतं. ते हंगामाच्या तोंडावर मागू नका.

कागदपत्रं

सगळ्यात वजनदार कागद जन्मदाखला. वयोगट त्यावरूनच ठरतो आणि वयोगटाची कट-ऑफ तारीख स्पर्धेच्या परिपत्रकात छापलेली असते. एका दिवसाने मुलगी वरच्या गटात जाऊ शकते, तेव्हा तारीख स्वतः वाचा, कुणाच्या तोंडी सांगण्यावर राहू नका.

जन्माची नोंद जिथे जन्म झाला तिथेच होते. आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळे गडहिंग्लज, मिरज, कोल्हापूरच्या दवाखान्यांत जन्मलेल्या मुली इथे पुष्कळ. त्यांचा दाखला महाराष्ट्राचा असतो आणि तो चालतो. जन्मदाखला वयाचा पुरावा आहे, वास्तव्याचा नाही. कर्नाटकचा जन्मदाखला दुसरा काढून देतो म्हणणाऱ्या एजंटाच्या नादी लागू नका. एकाच मुलीचे दोन दाखले सापडले तर गुंता आयुष्यभर सुटत नाही.

दाखल्यावर मुलीचं नाव आहे का तेही बघून घ्या. पुष्कळदा बारशाआधी नोंद झालेली असते आणि नावाची जागा कोरीच राहते. नोंदणीपासून १५ वर्षांच्या आत निबंधकाकडे अर्ज करून नाव घालून घेता येतं.

मग येतो नावांचा मेळ. जन्मदाखल्यावर वडिलांचं नाव आणि आडनाव पूर्ण, शाळेच्या एसएटीएस (कर्नाटकची विद्यार्थ्यांची ऑनलाइन नोंद) नोंदीत मुलीच्या नावानंतर नुसतं इनिशियल, आणि आधारवर आडनाव पहिलं. लक्ष्मी असेल तर इंग्रजीत एका ठिकाणी एक्स, दुसऱ्या ठिकाणी के-एस-एच. मराठी नाव कन्नडमध्ये आणि कन्नडमधून इंग्रजीत जाताना असं होतंच, त्यात कुणाचा दोष काढत बसण्यात अर्थ नाही. आधी जन्मदाखला पक्का करा, त्याप्रमाणे आधार दुरुस्त करा, मग शाळेला अर्ज द्या. हा क्रम उलटा केला की तेच काम दोनदा करावं लागतं. मुलगी दहावीला जायच्या आत हे उरका, कारण एसएसएलसीच्या मार्क्स कार्डावर छापलेलं नाव बदलणं फार जिकिरीचं आहे.

बाकीचे कागद साधे. आधार, शाळेचं स्टडी सर्टिफिकेट, पासपोर्ट साइज फोटो, एमबीबीएस डॉक्टरांचं फिटनेस सर्टिफिकेट, पालकांचं संमतिपत्र. वास्तव्याचा दाखला मागितला तर नाडकचेरीतून, म्हणजे स्थानिक महसूल कार्यालयातून, निघतो. स्पर्धेच्या दिवशी झेरॉक्सबरोबर मूळ प्रतीही बरोबर ठेवा.

शाळेकडून खेळायचं असेल तर

शालेय स्पर्धांची वाट वेगळी आहे. ती शिक्षण खात्यामार्फत जाते आणि अर्जावर मुख्याध्यापकांची सही-शिक्का लागतो. बेळगाव महसुली जिल्हा एक असला तरी शैक्षणिक जिल्हे दोन आहेत, बेळगाव आणि चिक्कोडी. खानापूरच्या मुलीची नोंद बेळगावात, निपाणीच्या मुलीची चिक्कोडीत. निपाणीहून बेळगावला सरावाला येणाऱ्या मुलींचं नाव चुकीच्या याद्यांत जातं ते यामुळेच. शाळेच्या पीटी सरांना आठवडाभर आधी विचारलेलं बरं. शालेय स्पर्धेतलं यश आणि फेडरेशनची निवड यांचा परस्पर संबंध नाही, तेव्हा एकीकडे जिंकलं म्हणून दुसरीकडची चाचणी चुकवू नये.

जिल्ह्यापासून पुढे

जिल्हा निवड, मग राज्य, मग राष्ट्रीय. राष्ट्रीय स्पर्धा बहुधा डिसेंबरात असते. तिथे थेट प्रवेश नाही, प्रवेशिका राज्य संघटनाच पाठवते. भारतीय संघाची निवड त्यापुढे आरएसएफआयच्या चाचण्यांतून होते.

बर्फावर जायचं तर संघटना वेगळी, आइस स्केटिंग असोसिएशन ऑफ इंडिया. देहरादूनचं हिमाद्री रिंक बंद पडलं होतं, ते २०२५मध्ये पुन्हा सुरू झालं. पण ते शॉर्ट ट्रॅकच्या, म्हणजे छोट्या ओव्हलवरच्या शर्यतींच्या, मापाचं आहे. ऑलिम्पिकच्या लांब ट्रॅकसारखा ४०० मीटरचा ओव्हल देशात नाही. खेलो इंडिया हिवाळी स्पर्धेतलं स्पीड स्केटिंग लेहला होतं, आणि चाकांवर तयार झालेल्या मुली तिथे उतरतात.

ऑलिम्पिकचा एक नियम जॅक्सनच्याच उदाहरणाने नीट कळतो. पात्रतेतून मिळालेली जागा देशाची असते, खेळाडूची नसते. २०२२च्या आधी अमेरिकेच्या निवड चाचणीत ती अडखळली आणि तिसरी आली, जागा दोनच. पहिली आलेल्या ब्रिटनी बोने आपली जागा तिला दिली, आणि पुढे रिकाम्या कोट्याचं फेरवाटप झालं तेव्हा ब्रिटनीलाही ५०० मीटरमध्ये उतरता आलं. मोकळ्या मनाची गोष्ट खरी, पण नियमात बसली म्हणूनच ती घडू शकली.

भारताकडून खेळायला भारतीय पासपोर्टच लागतो. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं ओसीआय कार्ड चालत नाही. पासपोर्टसाठी हुबळी-बेंगळूर गाठायची गरज नाही, बेळगावच्या मुख्य टपाल कार्यालयात पासपोर्ट सेवा केंद्र आहे. ऑनलाइन अर्ज भरून अपॉइंटमेंट घ्यायची. अल्पवयीन मुलीसाठी ‘अ‍ॅनेक्शर डी’ या परिशिष्टावर आई-वडील दोघांच्या सह्या लागतात. वडील गोव्यात किंवा पुण्यात कामाला असतील तर त्यांची सही आधीच मागवून ठेवा. हा पासपोर्ट पाच वर्षांचा किंवा १८ वर्षं पूर्ण होईपर्यंतचा, यातलं जे आधी येईल तोवर चालतो. १५ ते १८ वयाच्या मुलीला दहा वर्षांचाही घेता येतो, आणि खेळाडूला तोच बरा.

मोठ्या स्पर्धांत डोपिंगची चाचणी अल्पवयीन मुलीचीही होऊ शकते. सर्दीच्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असतं. ठराविक प्रमाणाच्या वर ते लघवीत आढळलं तर स्पर्धेच्या काळात ते निषिद्ध आहे. दम्याचा पंप वापरणाऱ्या मुलीच्या औषधाचं नाव आणि मात्रा डॉक्टरांकडून लिहून घ्या. गरज पडली तर उपचारासाठीच्या सवलतीचा अर्ज स्पर्धेआधी राष्ट्रीय उत्तेजक द्रव्य विरोधी संस्थेकडे, म्हणजे नाडाकडे, करावा लागतो. त्या अर्जाला डॉक्टरांच्या तपासण्यांचे रिपोर्ट जोडायचे असतात, म्हणून जुनी फाइल टाकून देऊ नका.