मुलांचा मोबाइल आणि पालकांची कायदेशीर जबाबदारी

१८ वर्षांखालचं मूल इन्स्टा, चॅट, गेम वापरताना जे काही करतं त्याला आईबाबा कायद्याने किती बांधील, हा विषय. मुलाने पोस्ट टाकली म्हणून थेट पालकांनाच आरोपी करणारं कलम भारतात नाहीये. गाडीसाठी आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९९ए आलं, त्यात अल्पवयीन पोराने गाडी चालवून गुन्हा केला की पालक किंवा मालक दोषी धरतात, ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड. ठाण्यातल्या घोडबंदर रोडच्या सोसायट्यांमधे हे बऱ्याच जणांना माहितीये, म्हणून मोबाइललाही तेच लागतं असं लोक छातीठोक सांगतात, ते चूक आहे.

पण पालक मोकळे असंही नाही. सिम १८ च्या आधी मिळत नाही, म्हणजे ऐरोलीतल्या नववीच्या मुलाने फेक अकाउंट काढून वर्गातल्या मुलीचा अश्लील फोटो बनवून फिरवला तर पोलीस माग काढत पोचतात तो नंबर बाबांच्या नावावर निघतो आणि पहिली विचारणा त्यांच्याकडेच होते. पुढे मुलाचं प्रकरण बाल न्याय मंडळात, म्हणजे अल्पवयीनांचे गुन्हे ऐकणाऱ्या मंडळात जातं. २०१५ च्या बाल न्याय कायद्यातल्या कलम १८ प्रमाणे मंडळ दंड पालकांना भरायला लावू शकतं, किंवा ३ वर्षांपर्यंत चांगल्या वागणुकीचा बाँड घेऊन मूल त्यांच्या ताब्यात देऊ शकतं. खारघर-कामोठेवाल्यांचा इथे हमखास गोंधळ होतो, कारण पोलीस आयुक्तालय नवी मुंबईचं पण जिल्हा रायगड, आणि मंडळं जिल्ह्यावार असतात, म्हणजे प्रकरण रायगडच्या मंडळाकडे. लहान मुलांचा अश्लील फोटो नुसता डाउनलोड करणंसुद्धा आयटी कायद्याच्या ६७बी खाली गुन्हा आहे, फॉरवर्ड तर दूरच, हे मुलांना घरात बसवून सांगायलाच हवं, लाजून चालणार नाही.

२०२३ चा डेटा संरक्षण कायदा मात्र ओझं कंपन्यांवर टाकतो. मुलाचा डेटा घ्यायला पालकांची पडताळलेली संमती लागणार, मुलाच्या ऑनलाइन वापराचा माग काढून जाहिराती दाखवायच्या नाहीत, मोडलं तर २०० कोटींपर्यंत दंड. नियम नोव्हेंबर २०२५ मधे आले, हा भाग लागू व्हायला त्यापुढे १८ महिने. पण आपणच पोराचं जन्मसाल खोटं टाकून अकाउंट उघडून दिलं तर ही संमतीची पायरी येणारच नाही, आणि असं करणारी घरं खूप आहेत.

आपलंच मूल बळी ठरलं असेल तर १०९८ या चाइल्डलाइनवर फोन करावा, ऑनलाइन फसवणुकीत पैसे गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर. मुलांच्या लैंगिक शोषणाच्या मजकुराची तक्रार राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर नाव न देताही करता येते.